कॅप राउंड

आपल्याकडे 'कॅप' म्हटलं की एकच गोष्ट आठवते. सीईटी झाल्यावरचे ते राउंड, ऑप्शन फॉर्म, आणि घरातल्या सगळ्यांचा वाढलेला बीपी! तर मित्रांनो, हा लेख त्या कॅपबद्दल नाही. निदान सुरुवातीला तरी नाही. हा आहे बर्फावरच्या हॉकीबद्दल. आणि हॉकीबद्दलही कसला, तिथल्या पगारांच्या हिशोबाबद्दल. (आमचं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला. बऱ्याच चुका दादाने काढल्यात. त्याच्याबद्दल पुढे येईलच.)

मी सहावीत असताना मामाने त्याचा जुना कॉम्प्युटर आम्हाला दिला. त्यात 'एनएचएल ०९' नावाचा गेम होता. बर्फ आम्ही फक्त उसाच्या रसात पाहिलेला! पण दादाला त्या गेमचं वेडच लागलं. गंमत म्हणजे मॅच खेळण्यात त्याला काही रस नसायचा, ते काम माझ्याकडे. तो मॅनेजर व्हायचा. कोणाला घ्यायचं, कोणाला किती वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, कोणाला विकायचं. टीम ठरलेली, शिकागो ब्लॅकहॉक्स. का, तर लाल जर्सी आवडली म्हणून. एखादा माझा लाडका प्लेअर तो काढून टाकायचा, मी भोकाड पसरायचो, आणि त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "चांगला आहे रे, पण कॅपमध्ये बसत नाही."

ही कॅप काय भानगड आहे ते थोडक्यात सांगतो. एनएचएल ही अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची लीग. पूर्वी तिथे ज्याच्या खिशात पैसा, त्याची टीम भारी, असा सरळ मामला होता. मालक म्हणाले पगारावर मर्यादा हवी, खेळाडू म्हणाले नको. भांडण एवढं पेटलं की २००४-०५ चा अख्खा सीझन रद्द झाला, एकही मॅच नाही. शेवटी खेळाडूंनी माघार घेतली. चालू कॉन्ट्रॅक्टमधले पगार २४ टक्क्यांनी कापले गेले आणि २००५-०६ पासून कॅप आली, प्रत्येक टीमला वर्षाला ३९ मिलियन डॉलर. (१ मिलियन म्हणजे आपले १० लाख.) लीगची कमाई वाढते तशी ही कॅपही वाढते. २०२५-२६ साठी ती ९५.५ मिलियन ठरली. एका खेळाडूला कॅपच्या २० टक्क्यांहून जास्त देता येत नाही.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष, आयपीएलमध्येही पर्स असतेच की. २०२५ च्या आयपीएलसाठी प्रत्येक टीमला १२० कोटी होते आणि त्यातले २७ कोटी लखनौने एकट्या रिषभ पंतवर उडवले. पण आयपीएलमध्ये दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि पाटी बऱ्यापैकी कोरी होते. इथे तसं नाही. इथे आठ-आठ वर्षांची कॉन्ट्रॅक्ट्स! आज ज्याला खुशीत येऊन सही दिली, तो आठ वर्षांनी म्हातारा झाला तरी त्याचा आकडा तुमच्या हिशोबात बसून राहतो. आणि खेळाडू इजा होऊन बसला, फॉर्म गेला, तरी पगाराची हमी असतेच.

आता शिकागोची गोष्ट. ही मला पुढे दादानेच सांगितली आणि माझ्या मते या विषयावर यापेक्षा भारी गोष्ट नाही.

९ जून २०१०. शिकागो विरुद्ध फिलाडेल्फिया, फायनलची सहावी मॅच, ओव्हरटाइम. पॅट्रिक केनने अशा कोनातून शॉट मारला की चकती गोलच्या जाळीखाली जाऊन अडकली. कोणालाच दिसेना. दिवा लागला नाही, पंच गोंधळलेले, आणि केन एकटाच हातातलं सगळं फेकून नाचत सुटला! शिकागोने स्टॅन्ले कप जिंकला, १९६१ नंतर पहिल्यांदा. ४९ वर्षं! तरुण टीम, कॅप्टन जॉनथन टेव्स जेमतेम बावीसचा. सगळे म्हणाले, आता पाच वर्षं यांना हात लावणारा कोणी नाही.

आणि पंधरा दिवसांत टीम फुटायला लागली.

कारण काय? तर डिसेंबर २००९ मध्ये टेव्स आणि केनला नवीन कॉन्ट्रॅक्ट दिलं होतं, प्रत्येकी वर्षाला ६.३ मिलियन. डंकन कीथलाही तेव्हाच तेरा वर्षांचं. त्याच्या आधी ब्रायन कॅम्पबेलला ७ मिलियनच्या वर. हे सगळं येऊन धडकलं २०१०-११ च्या कॅपवर, आणि ती होती ५९.४ मिलियन. त्यात आदल्या वर्षीच्या बोनसचे चार मिलियनहून जास्त उरावर आलेले. म्हणजे चांगलं खेळले म्हणून बोनस, आणि बोनस झाला म्हणून टीम मोडली! बफलिन गेला, ज्याने प्लेऑफमध्ये ११ गोल मारले होते. लॅड गेला, वर्स्टीग गेला. कप उचलणाऱ्यांपैकी आठ-दहा जण एका उन्हाळ्यात गायब.

पण सगळ्यात वाईट वाटतं ते अँटी निएमीचं. हा फिनलंडचा गोलकीपर. शिकागोकडे खरं तर ह्युए नावाचा महागडा गोलकीपर होता, वर्षाला साडेपाच मिलियनच्या वर. पण त्याला जमेना, म्हणून निएमीला उभं केलं, ज्याचा आकडा एका मिलियनच्याही आत. आणि त्याने कप जिंकून दिला. पुढच्या उन्हाळ्यात सॅन होजेच्या टीमने एक खेळी केली. शिकागोच्या याल्मारसन नावाच्या डिफेंडरला त्यांनी चार वर्षांचे १४ मिलियन देऊ केले. नियम असा की जुन्या टीमने तेवढेच दिले तर तो राहतो, नाहीतर जातो. शिकागोने दिले. आणि तिथे निएमीची जागा संपली. लवादाने निएमीला २.७५ मिलियन द्या म्हटलं, शिकागोने हात जोडले. कप जिंकून दोन महिने होत नाहीत तोच गोलकीपर बाहेर! त्याला उचललं कोणी? सॅन होजेनेच. आणि तो महागडा ह्युए? त्याला कॅपमधून काढण्यासाठी स्वित्झर्लंडला खेळायला पाठवून दिलं. पगार चालूच.

ओआरच्या लेक्चरला सरांनी शॅडो प्राइस शिकवली तेव्हा मागच्या बाकावर मला एकदम निएमी आठवला. टेव्सचे ६.३ मिलियन देतो मालक, पण त्याची किंमत मोजतो भलताच कोणीतरी. त्यात टेव्सची चूक नाही. निएमीची तर नाहीच.

कॅप चुकवायच्या युक्त्याही भारी आहेत, आपल्या सबमिशनच्या युक्त्यांपेक्षा भारी. कॅपमध्ये धरतात वर्षांची सरासरी. मग काय, शेवटची चार-पाच वर्षं नाममात्र पगाराची जोडायची, की सरासरी आपोआप खाली! मारियन होसाला शिकागोने असंच बारा वर्षांचं दिलं. न्यू जर्सीने कोवलचुकला २०१० मध्ये सतरा वर्षांचे १०२ मिलियन लिहून दिले, म्हणजे तो ४४ वर्षांचा होईपर्यंत. तेव्हा मात्र लीगने कान पकडला, कॉन्ट्रॅक्ट रद्द. २०१३ मध्ये आठ वर्षांची मर्यादाच घातली. मग लोकांनी इजेचा मार्ग शोधला. लांबच्या इजेवर असलेल्याच्या पगाराएवढी सूट तेव्हा मिळायची आणि प्लेऑफला तेव्हा कॅप नव्हतीच. टॅम्पाचा कुचेरोव २०२०-२१ चा सगळा सीझन ऑपरेशनमुळे बाहेर, आणि प्लेऑफच्या पहिल्या मॅचला हजर! टॅम्पाने कप जिंकला आणि पठ्ठ्याने 'कॅपच्या १८ मिलियन वर' असं छापलेला टी-शर्ट घालून मिरवलं. २०२५-२६ पासून प्लेऑफलाही कॅप लागू झाली. आपण कॉपी केली की पुढच्या बॅचला नियम कडक होतात, तसंच.

असो. आता थोडं घरचं.

दादा नगरपालिकेच्या शाळेत शिकला, मी कॉन्व्हेंटमध्ये. दोघांची फी झेपली नसती. म्हणजे माझं लाँग टर्म कॉन्ट्रॅक्ट केजीपासूनच! माझी बारावी झाली त्याच वर्षी दादाचा डिप्लोमा संपला. मला कॅप राउंडमध्ये हे कॉलेज लागलं, त्यालाही डायरेक्ट सेकंड इयरच्या कॅप राउंडमध्ये सीट लागली होती. चांगली सीट, माझ्यापेक्षा चांगली. बाबा दोन रात्री डायरी घेऊन बसले होते. माझी फी, होस्टेल, मेस, घराचा हप्ता. तिसऱ्या दिवशी जेवताना दादाच म्हणाला, "मी वर्षभर जॉब करतो, मग बघू." आणि तो एमआयडीसीत लागला. त्या रात्री मी त्याला विचारलं, सीट का सोडलीस. तो कुशीवर वळून म्हणाला, "बसत नव्हतं रे." आणि हसला.

त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे. एम-थ्रीत मला केटी लागली तेव्हा रिझल्ट बघताना मला टेव्स आठवला नाही, ह्युए आठवला. घरी फक्त दादाला सांगितलं. तो काही बोलला नाही. संध्याकाळी केटीच्या फॉर्मचे पैसे जीपेवर आले, खाली मेसेज, 'बाबांना सांगू नको, क्लिअर कर'. केली.

हा लेख शुद्धलेखनासाठी त्याला पाठवला होता. धाकधूक होती, वरचा परिच्छेद वाचून काय म्हणेल म्हणून. दोन दिवसांनी परत आला. 'शिकागोनी' चं 'शिकागोने' केलेलं, चार वेलांट्या बदललेल्या. घरच्या परिच्छेदावर एकही खूण नाही. फक्त निएमीच्या गोष्टीपाशी त्याने लिहिलं होतं, "अर्धवट का सोडलंस? सॅन होजेने आधी एकच वर्ष दिलं, २ मिलियन. मार्च २०११ ला चार वर्षांचं दिलं, १५.२ मिलियन. ते पण टाक."

टाकलं.