चौथ्या मुलाची रिकामी जागा

रात्री साडेअकराला फोन वाजला की आमच्या घरात आधी ‘या अल्लाह, खैर’ निघतं. फोन भाच्याचा होता. तो बालरोगात एमडी करतोय. प्रबंधाचा विषय मुलांमधला सिकलसेल, जो आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीला नवा नाही.

“खाला, चार मुलांचे नमुने खराब झाले. वीज गेली होती, फ्रीज बंद पडला. निकाल अंदाजाने टाकू का? सगळेच टाकतात.”

मी उर्दू-मराठीची शिक्षिका. प्रयोगशाळेतलं मला काय कळणार? म्हणून आधी त्यालाच समजावून सांगायला लावलं. सॉल्युबिलिटी ही स्वस्त, झटपट चाचणी. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, एवढंच ती सांगते. मूल नुसतं वाहक आहे की आजारी, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसवरच ठरतं. चौघांची पहिली चाचणी पॉझिटिव्ह होती, दुसरी झालीच नाही. वाहक संख्येने जास्त असतात, म्हणून तो चौघांपुढे ‘वाहक’ लिहिणार होता.

“आणि त्यातलं एक आजारी असलं तर?”

तो गप्प झाला. वाहकाला सहसा उपचार लागत नाहीत. आजारी मुलाला पेनिसिलिन, लसी, हायड्रॉक्सीयुरिया, आयुष्यभराची देखरेख लागते.

रागवायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. बीएडला आम्हाला कृतिसंशोधन होतं: उर्दू माध्यमाच्या मुलांचे मराठी उच्चार. मी मागच्या बॅचची फाईल घेतली, शाळेचं नाव बदललं, टक्केवारी थोडी वाढवली. सही मिळाली, गुणही मिळाले. पण माझ्या वर्गातली मुलं ‘ळ’ला का अडतात, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. हे त्या रात्री मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

मग आम्ही गडचिरोलीबद्दल बोललो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला संशोधन शिकून आले आणि १९८६मध्ये त्यांनी ‘सर्च’ सुरू केली. त्यांनी गावातल्या बायकांना आरोग्यदूत केलं. नवजात बाळाचं वजन, ताप, श्वास कसे मोजायचे आणि जे दिसलं तेच कसं लिहायचं, हे शिकवलं. ३९ गावांत हे काम झालं, तुलनेला ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. १९९९मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे देशभरच्या आशाताई हेच घरोघरी करू लागल्या. जरा विचार करा, त्या बायकांनी वजनं अंदाजाने टाकली असती तर? आज आशाताईंच्या हाती काय पडलं असतं?

“त्यांना शेजारी बसून शिकवणारं कुणीतरी होतं, खाला,” भाचा म्हणाला.

त्याचं खरं होतं. वर्षभरात त्याच्या शेजारी प्रयोगशाळेत कुणी उभं राहिलं नव्हतं. गाईडना ओपीडीतून डोकं वर काढायला फुरसत नाही. आपण तरुण डॉक्टरांकडून प्रबंध मागतो, पण चुकलेला प्रयोग ‘चुकला’ असा लिहायला शिकवत नाही. ते कुणी मोठ्याने आधी स्वतः करून दाखवावं लागतं. माझ्याकडे दाखवायला फक्त माझी खोटी फाईल होती.

“आईबापाने मुलाचा हात तुझ्या सुईपुढे धरला,” मी एवढंच म्हटलं. “तो आकडा तुझा नाही, त्यांची अमानत आहे.”

दुसऱ्या दिवशी त्याने गाईडना खरं सांगितलं. आधी बोलणी खाल्ली, मग परवानगी मिळाली. रविवारी एसटीने जाऊन त्याने दोन घरं शोधली. तिसरं मूल पुढच्या आठवड्यात आईबरोबर दवाखान्यात आलं. नमुने पुन्हा घेतले. दोघं वाहक निघाले. एक मुलगी आजारी निघाली, तिचे उपचार सुरू झाले.

चौथ्याचं घर बंद होतं. घरचे मिरची तोडायला तेलंगणात गेलेत. तक्त्यात त्याची जागा रिकामी आहे आणि खाली कारण लिहिलंय. हंगाम संपला की भाचा पुन्हा जाणार आहे.

मीही नवी वही घातलीय. पहिल्या पानावर ‘ळ’ लिहिलाय, त्याखाली माझ्या वर्गातल्या मुलांची नावं.