किती ओढतंय?

वडील वीज मंडळात होते. त्यामुळे घरात काहीही नवीन आलं की ते दिसतं कसं याआधी ते ओढतं किती, याची चौकशी व्हायची. इस्त्री आणि गीझर एकदम लावायची आमच्याकडे कुणाची छाती नव्हती. काकांनी इंग्लंडहून माझ्यासाठी हॉर्नबीची आगगाडी आणली, तेव्हा वडिलांनी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. कंट्रोलर उलटा केला, चष्मा कपाळावर ढकलून तळाचे आकडे वाचले, चौकोनी पिनांचा प्लग कापून आपल्याकडचा बसवला आणि म्हणाले, "एकच गाडी ओढेल हा."

एकच ओढायचीही. तेव्हाच्या पद्धतीत रुळांत जेवढे व्होल्ट सोडाल तेवढा वेग, आणि बारा व्होल्टला गाडी सुसाट. दुसरं इंजिन रुळांवर ठेवलं की तेही पहिल्याबरोबर निघणार. एक थांबवून दुसरं पळवायचं तर रूळ तुकड्यातुकड्यांत तोडायचे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा स्विच. कॉलेजात असताना पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून टॉगल स्विच आणि वायरची भेंडोळी आणण्यात माझा खिसा कायम रिकामा. पुढे 1998 साली कोथरूडमध्ये भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू झालं. तिथे बाकीचे लोक गाड्या बघायचे, मी ऑपरेटरच्या हातांकडे बघत बसायचो.

डिजिटल पद्धत रूळ मांडलेल्या माझ्या फळीवर आली ती बरीच उशिरा. तिचं मूळ जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामात, आणि 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या संघटनेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. इथे रुळांत कायम पंधराएक व्होल्ट खेळत असतात, गाडी उभी असली तरी. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक डीकोडर, त्याला स्वतःचा नंबर. हुकूमही त्याच रुळांतून जातात आणि ज्याचा नंबर तोच हलतो. स्विचांचं जंगल एका दुपारी उपटून टाकलं. मी खूश होतो. वडील तेव्हा ऐंशीच्या पुढे. खुर्ची ओढून फळीपाशी बसले आणि विचारलं, "आता सगळी एकदम सुटली तर किती ओढतील?"

प्रश्न बिनतोड होता. इंजिनं वेगवेगळी बोलली तरी पाणी एकाच टाकीचं. रुळांत वीज सोडणारा माझा बूस्टर तीन अँपिअरचा. एचओ मापाचं आजचं इंजिन सपाटीवर पाव अँपिअरवर भागवतं, चढावर लोड लावला की त्याच्या दीडपट-दुप्पट. जुन्या मोटरी याहून खादाड. आवाजवाली इंजिनं शेडमध्ये नुसती घुरघुरत उभी असली तरी थोडं थोडं खातात, आणि वीज आल्या क्षणी सगळ्यांचे कपॅसिटर एकदम तहानलेले असतात, म्हणून गाडी हलायच्या आतच बूस्टर ट्रिप होतो. डब्यांतले जुने बल्ब एकेक पन्नास मिलिअँपिअरचे. बारा डबे म्हणजे दोनाहून जास्त इंजिनांचा खुराक नुसत्या उजेडात.

मग मोठा बूस्टर का नाही? दुकानदार तेच सुचवतो. इंजिन हवं तेवढंच ओढतं, जास्त अँपिअरने ते जळत नाही, हे खरंच. पण चाक घसरून दोन्ही रूळ जोडले गेले, की बूस्टर आपली सगळी ताकद त्या एका बिंदूत ओततो. आठ अँपिअर तिथे क्षणभर जास्त थांबले, तर प्लॅस्टिकची बोगी मऊ पडायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा रूळ इन्सुलेट करून दोन भाग करावेत, प्रत्येकाला आपापला बेताचा बूस्टर द्यावा. आणि रुपयाचं नाणं हातात घेऊन फळीभर फिरावं: रुळांवर आडवं ठेवलं की बूस्टर पटकन बंद पडला पाहिजे, कुठेही. माझ्याकडे लांबच्या टोकाला तो पडेना. वायर बारीक, वाटेतच व्होल्ट गळत होते. फळीखालून जाड वायर फिरवली, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला फांदी दिली, तेव्हा कुठे नाण्याचं समाधान झालं.

माझी इंजिनं युरोपातली असली तरी घाट बोरघाट आहे. सदतीसास एक चढ, म्हणजे साडेतीन मीटरच्या फळीवर साडेनऊ सेंटीमीटर. कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून रेटणारी इंजिनं, लागायचे तेव्हाचा दणका शेवटच्या डब्यात बसलेल्यांना ठाऊक असेल. पुढे एक, मागे दोन अशी तिन्ही इंजिनं रेटत असताना खऱ्या तारेतूनही बेसुमार करंट जायचा, कारण तार 1500 व्होल्ट डीसीची. तीन हजार किलोवॉट ओढायचे तर तिथे दोन हजार अँपिअर. 25 हजार व्होल्टला तेच काम सव्वाशेच्या आत. मुंबईत 1925 मध्ये व्हीटी-कुर्ला मार्गावर पहिली विजेची गाडी धावली ती याच डीसीवर, आणि मध्य रेल्वेचे उपनगरी मार्ग त्यातून पूर्ण सुटायला 2016 उजाडलं. मला तो जास्त व्होल्टचा पर्याय नाही. रुळांना हात लागतो, त्यामुळे व्होल्ट वाढवायची सोय नाही. जे काही ते अँपिअरमध्येच.

परवा मीटर लावला. तिन्ही इंजिनं चढावर, शेडमध्ये चार आवाजवाली, बारा डबे उजळलेले: सव्वादोन अँपिअर. डब्यांतले बल्ब काढून एलईडी घातले, आकडा पावणेदोनाच्या खाली आला. कपाटात एक जुनं, खादाड इंजिन पडून आहे. त्याची सोय झाली म्हणायची.