चकाकी

नवरात्र जवळ आले की आमच्या घरात घासण्यापुसण्याला ऊत येतो. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली उतरतात, चिंचेचा कोळ होतो, आणि दोन दिवस सगळ्यांच्या बोटांना आंबट वास येत राहतो. त्या भांड्यांत आजीच्या लग्नातले एक पितळी पातेले आहे. ते कोणी दिले त्याचे नाव त्यावर कोरलेले होते, असे आई सांगते. आता तिथे बोट फिरवले तर दोन-तीन काने तेवढे लागतात. तीन पिढ्यांच्या बायकांनी राखेने आणि चिंचेने ते नाव घासून नेले. पातेले मात्र असे लखलखते की बघत राहावे.

चकाकी आणायची तर वस्तूचे थोडे काढून घ्यावे लागते. पातेल्याच्या बाबतीत किती गेले ते कोणी मोजत नाही. मोटारीच्या बाबतीत चक्क मोजतात, हे मला गेल्या वर्षी नवरात्रात कळले.

मोटार वडिलांची. २००८ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी ती घेतली. गडद निळ्या रंगाची, उन्हात आतून चांदीचा चुरा चमकल्यासारखी दिसणारी. ५८ व्या वर्षी ते चालवायला शिकले, आणि खरे सांगायचे तर त्यांनी ती फारशी चालवली नाहीच. पुसली मात्र रोज. पूजा आटोपली, सहाण धुऊन ठेवली, की पंचाचे जुने फडके घेऊन ते अंगणात येत आणि शेजाऱ्याशी बोलत बोलत गाडीवरून हात फिरवत. पाणी नाही, काही नाही, कोरडेच. २०२१ मध्ये ते गेले. पुढे २०२३ मध्ये गाडीच्या नोंदणीची १५ वर्षे भरली, तेव्हा ती आणखी ५ वर्षांसाठी वाढवून घेतली. पण चालवणार कोण? मी शाळेत सायकलने जातो. धाकट्या भावाची पुण्यात स्वतःची गाडी आहे. शेवटी विकायचे ठरले.

“दादा, आधी पॉलिश करून घेऊ,” भाऊ म्हणाला. “दहा हजार तरी जास्त येतील.” आणि सुट्टीच्या दिवशी येऊन तोच गाडी एका दुकानात घेऊन गेला.

संध्याकाळी गाडी परत आली ती आरसा होऊन. आईने त्यात वाकून आपला अंबाडा नीट केला. पण दोनदा धुतल्यावर तिसऱ्या सकाळी ऊन बॉनेटवर पडले, आणि भावाचा चेहरा उतरला. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक बारीक वर्तुळे, आणि त्यांवरून रुंद, धुरकट, सप्तरंगी पट्टे. आपण चालू लागलो की तेही डुलत चालू लागत. काचेभोवतीच्या काळ्या रबरात पांढरी भुकटी वाळून बसली होती ती वेगळीच. ती मी दात घासायच्या जुन्या ब्रशने, साबणाच्या पाण्याने काढली. बाकीचे माझ्या आवाक्याबाहेरचे होते.

आई बाहेर आली. तिने पट्ट्यांकडे पाहिलेच नाही. जाळ्यावर बोट ठेवून म्हणाली, “अरे, हा त्यांचा हात आहे. असेच गोल गोल पुसायचे.”

आमच्या शाळेच्या मागे गाड्या रंगवणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी आधी पाणी घातलेल्या स्पिरिटने बॉनेटचा एक वीतभर तुकडा पुसला. पॉलिशमध्ये तेल आणि मेणासारखे काही असते, ते ओरखड्यांत भरून बसते आणि सगळे गुळगुळीत भासवते. धुण्यात ते निघून गेले की खरे अंग दिसते. मग त्यांनी काडेपेटीएवढे एक यंत्र काढून पत्र्याला टेकवले. छतावर आकडा आला ११८, बॉनेटवर ९१. हे मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे दीड केसाच्या जाडीत अस्तर, निळा रंग आणि वरचा पारदर्शक थर, असा सगळा संसार. त्या वरच्या थराच्या वाट्याला जेमतेम ४०-५० मायक्रॉन, आणि ऊन सोसायचे काम त्याचेच.

“सर, पट्टे यंत्राचे आहेत,” मिस्त्री म्हणाले. “लोकरीचं चाक, जाड मसाला, आणि घाई. मऊ स्पंजाचं चाक आणि बारीक पॉलिश घेतलं की मायक्रॉन-दोन मायक्रॉनमध्ये जातील. जाळं जुनं आहे. कोरड्या फडक्याची धूळ ती. ते मुळापासून काढायचं म्हटलं तर बराच थर खरवडावा लागंल. आज आरसा दिसंल. दोन-चार उन्हाळ्यांनी वरचा थर पांढरा पडून सापाच्या कातीसारखा सुटंल.”

“पण वर्तुळे कशी पडली? पुसणारा गोल हात फिरवायचा म्हणून?”

मिस्त्री हसले. टॉर्च लावून त्यांनी बॉनेटवर धरला, वर्तुळे टॉर्चभोवती. टॉर्च कोपऱ्याकडे नेला. वर्तुळे निमूटपणे कोपऱ्यात गेली. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, सरळ, तिरपे, कसेही. पण प्रकाशाला आडवे पडलेले तेवढे चकाकतात, आणि ते मिळून दिव्याभोवती गोल दिसतात. हात उभा फिरवा की आडवा, जाळे गोलच दिसणार.

हे मी आईला सांगितले नाही. शाळेत मुलांना मी एकही शंका अर्धवट सोडू देत नाही, पण घर म्हणजे काही वर्ग नव्हे. आणि ओरखडे त्यांचेच होते, एवढे तर मिस्त्रींनीही मान्य केले होते.

भावाला मात्र आरसाच हवा होता. “विकायचीच आहे ना? दोन-चार उन्हाळ्यांचं आपल्याला काय?” आमच्यात थोडे वाजलेही. घेणाऱ्याच्या डोक्यावर उद्याचे कातडे सोलून ठेवायचे, हे मला पटेना. मिस्त्रींनी पत्र्याच्या कडांना कागदी पट्टी चिकटवली, कारण कडेला रंग सर्वांत पातळ असतो, आणि दिवसभर बसून फक्त पट्टे काढले. जाळे राहिले.

खंडेनवमीला आईने गाडीला झेंडू वाहिला आणि तिन्हीसांजेला निरांजन ओवाळले. बॉनेटवर ज्योत उतरली, तिच्याभोवती बारीक सोनेरी वर्तुळे उभी राहिली, आणि हात फिरेल तशी ती फिरत गेली. आईने नेहमीपेक्षा बराच वेळ ओवाळले.

दिवाळीच्या आधी कोरेगावचे एक गृहस्थ गाडी बघायला आले. त्यांनी टायर दाबून पाहिले, क्लच दाबून पाहिला, टायरांपायी चार हजार कमी केले. रंगाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. भाऊ माझ्याकडे आणि मी मिस्त्रींच्या बिलाकडे पाहत राहिलो.

किल्ली देताना आई आतून धुतलेले, घडी घातलेले फडके घेऊन आली आणि तिने ते पुढच्या सीटवर ठेवले. “रोज पुसा हो गाडी,” ती म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. गाडी सुरू व्हायच्या आत मी खिडकीशी जाऊन हळूच सांगितले, “आधी भरपूर पाणी घालून धूळ काढा. मग फडके लावा.”