गाडीने टोकले तर

माझ्या धाकट्या दिरांनी नवी गाडी घेतली आणि तिच्यासोबत घरात एक वादही आला. ही गाडी लेन सोडू लागली की टोकते. या सोयीला ‘लेन कीप असिस्ट’ म्हणतात. पुढच्या काचेमागे एक कॅमेरा असतो. तो रस्त्यावरच्या पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्या पाहत राहतो. इंडिकेटर न देता चाक पट्टीकडे सरकले की स्टिअरिंग थरथरते किंवा आवाज येतो, आणि गाडी हलकेच आत वळू लागते. चालकाने जोर दिला तर ती लगेच त्याचे ऐकते.

माझे सासरे तीस वर्षे एस.टी.चे ड्रायव्हर होते. पहिल्याच फेरीत त्यांनी हात झटकला. “तीस साल गाडी चलाया मैं, अब ये डब्बा मेरेकू सिखाएगा?” दिरांची तक्रार वेगळी होती. “भाभी, वणी रोडवर ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायचं की हिच्याशी कुस्ती खेळायची?” दुसऱ्या दिवशी त्यांनी ती सोय बंद करून टाकली.

दोघांचेही म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. दिंडोरीच्या आसपासच्या रस्त्यांवर पट्टी कुठे असते, कुठे पुसलेली असते. द्राक्षाच्या हंगामात क्रेटने भरलेल्या पिकअप असतात, सप्तशृंगी गडाच्या यात्रेत पायी चालणारे भाविक असतात, मध्येच एखादी म्हैस उभी असते. चालकाला क्षणोक्षणी डावी-उजवी करावी लागते. पट्टी दिसली नाही तर कॅमेरा काहीच करू शकत नाही. मुसळधार पावसात आणि धुक्यातही तेच. बहुतेक गाड्यांत ही सोय साधारण ताशी साठ किलोमीटरच्या पुढेच जागी होते. म्हणजे गावातल्या रस्त्याला तिचा उपयोग थोडाच.

आणि ही कुरकुर फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने दुरुस्तीला आलेल्या होंडा गाड्या तपासल्या. समोरच्या धडकेचा इशारा जवळपास प्रत्येक गाडीत चालू होता, पण लेनचा इशारा तीनपैकी एकाच गाडीत. पुढे इतर कंपन्यांच्या गाड्या पाहिल्या तेव्हा निम्म्यांत तो चालू आढळला, आणि पीं-पीं करणाऱ्यापेक्षा स्टिअरिंग थरथरवणारा इशारा लोकांनी जास्त चालू ठेवला होता. हे मला वर्गातून माहीत आहे. सगळ्यांसमोर मोठ्याने चूक काढली की मूल वही मिटते; बोटाने हळूच ओळ दाखवली की दुरुस्त करते. युरोपात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या मोटारीत अशी यंत्रणा सक्तीची आहे. चालक ती बंद करू शकतो, पण गाडी पुन्हा सुरू केली की ती आपोआप चालू होते.

मग आपण काय करावे? मला वाटते, रस्ता पाहून ठरवावे. नागपूरला नातलगांकडे निघालो तेव्हा मी दिरांना ती सोय चालू करायला लावली. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, सरळ, ना सिग्नल ना चौक. अशा रस्त्यावर डोळे उघडे असतात आणि मन निघून जाते; त्याला महामार्ग संमोहन म्हणतात. परतताना दुपारी जेवणानंतर मागे आम्ही सगळे पेंगत होतो. दहा मिनिटांत दोनदा स्टिअरिंग थरथरले. “सेन्सर खराब आहे,” दीर म्हणाले. शेजारी बसलेले अब्बा शांतपणे म्हणाले, “सीधे रस्ते पे दो बार? सेन्सर नहीं बेटा, नींद है. आगे पंप पे गाडी ले.” गाडी थांबली. चहा झाला, दिरांनी तोंड धुतले, वीस मिनिटे डोळे मिटले, मग आम्ही निघालो.

त्या दिवशी मला कळले की प्रश्न यंत्राचा कमी आणि माणसाच्या गरूरचा जास्त आहे. “मला झोप येतेय” हे शब्द आपल्या घरातल्या पुरुषांच्या तोंडून निघत नाहीत. मागे बायको-मुले बसलेली असताना तर नाहीच. आणि मागच्या सीटवरून आम्ही बोललो की ती टोकाटोकी ठरते. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यात कुणाकुणाला वेळेवर टोकणारे कुणी होते की नाही, हे कोणताही आकडा सांगत नाही.

उलट बाजूची भीतीही तेवढीच खरी आहे. माझा भाचा मोठ्या कौतुकाने म्हणाला, “खाला, ही गाडी स्वतःच चालते.” नाही बेटा, चालत नाही. ती फक्त पट्टी पाहते. पुढे बंद पडलेला ट्रक पाहणे हे तिच्या या सोयीचे काम नाही. हात सोडले तर काही सेकंदांत ती हात ठेवायला सांगते, ते उगाच नाही. जागे राहण्याची जबाबदारी तिने घेतलेली नाही.

आमच्या घरात आता ठरले आहे. गावातल्या रस्त्यावर सोय बंद, महामार्गावर चालू. लेन बदलताना इंडिकेटर द्यायचाच. तो दिला की गाडी अडवत नाही आणि मागच्यालाही कळते. दोनदा थरथरले की वाद न घालता थांबायचे. आणि पुढच्या सीटवर बसणाऱ्याने झोपायचे नाही. ही शेवटची अट अब्बांनी घातली आहे, आणि पुढची सीटही त्यांनीच धरून ठेवली आहे.