कारण पटलं तरच आजार?

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपात किल्लारी-सास्तूरची माळवदं बसली. तेव्हापासून माकणीच्या या पट्ट्यात मनालाही मार बसतो, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवून झोपलेली माणसं दगडमातीखाली गेली. जी मागे राहिली त्यांना छताखाली पाठ टेकायची धास्ती. त्या धास्तीला येडेपणा म्हणायचं आजही कुणाच्या मनात येत नाही. वाचलेल्या काहींची तपासणी करून १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांना मानसिक आजार आढळला होता. मग तीच धडधड, तीच उडालेली झोप भूकंपाशिवाय आली की आपण ‘बाहेरचं हाय’ का म्हणतो? मला वाटतं, आजार आपल्याला ओळखू येतो. पण त्यामागचं कारण पटलं तरच आपण तो मान्य करतो. पडलेलं घर दिसतं. बाळंतपणानंतर आलेलं नैराश्य दिसत नाही, म्हणून सुनेचं ते ‘नाटक’ ठरतं, नाहीतर भानामती. मग मिरचीची धुरी, साखळी, चाबूक. भूत उतरवण्याच्या नावाखालचे हे प्रकार २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहेत.

यावर नेहमी विचारलं जातं, दुखणं कर्जाचं आणि पावसाचं, गोळी खाऊन सोयाबीनला भाव येणार का? नाही येणार. भावासाठी भांडलंच पाहिजे. पण नैराश्य माणसाची भांडायचीच ताकद काढून घेतं. बँकेची पायरी चढू देत नाही, घरात तोंड उघडू देत नाही. म्हणूनच शासनानेही आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ काढला, त्यात आपला तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा होता. दुसरी भीती, गोळ्यांची सवय लागते. झोपेच्या काही गोळ्यांची लागते, हे खरंच आहे, आणि ते डॉक्टरांनी सांगायलाच हवं. नैराश्यावरच्या औषधांची तशी चटक लागत नाही. मात्र त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात आणि बरं वाटल्यावरही ती काही महिने घ्यावी लागतात, मनाने एकदम बंद करायची नसतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून पुडी कोनाड्यात पडते आणि दोष औषधाला येतो. देवाला जाऊन जीवाला बरं वाटतं, त्यालाही माझी ना नाही. नारळ फोडा, पण गोळी चुकवू नका.

घरात कुणी आठवडेच्या आठवडे जेवत-बोलत नसेल, जगणं नको म्हणत असेल, तर कारण पटायची वाट बघू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. नाहीतर १४४१६ हा सरकारी ‘टेलिमानस’ मदतवाहिनीचा नंबर लावा. तो रात्रीही चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.