मंद्रूपच्या ज्वारीत चारशे मिलिमीटर

सोलापूरहून विजापूर रस्त्यानं निघालं, वडकबाळला सीनेचा पूल ओलांडला, की मंद्रूपची काळी रानं लागतात. आणखी पुढं टाकळीला भीमा. या दोन नद्यांमधल्या पट्ट्यात पाऊस तसा बेताचाच, पण जमीन ओल धरून ठेवणारी. त्या ओलीवर मालदांडी ज्वारी माणसाच्या डोक्याच्या वर जाते. ती निसवून दाण्यात चीक भरू लागला की भोरड्या उतरतात. गुलाबी अंग, काळं डोकं, डोक्यावर मागं झुकलेला तुरा. पूर्व युरोप आणि मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशात त्या अंडी घालतात, टोळांवर पिलं वाढवतात, पावसाळ्याच्या अखेरीपासून आपल्याकडं येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत परततात. पुस्तकात त्यांना पळसमैना म्हणतात. मंद्रूपच्या बांधावर मात्र भोरडीच.

या भोरड्यांसाठी मी जी लेन्स नेतो ती निक्कॉर ४०० मिलिमीटर, एफ ३.५. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली रचना, वजन २.८ किलो. कॅमेरा मात्र आजचा, निकॉनच्या झेड मालिकेतला आरसा नसलेला. १९५९ पासून चालत आलेल्या जुन्या माउंटमध्ये लेन्सची बैठक आणि फिल्म यांच्यात ४६.५ मिलिमीटर अंतर असे. नव्या माउंटमध्ये सेन्सरपर्यंत १६ मिलिमीटरच. मधले ३०.५ मिलिमीटर अडॅप्टर भरून काढतो. त्याच्यात काच नसते, मोकळी नळीच असते. म्हणून लेन्स जशी घडवली होती तशीच राहते. कॅमेऱ्याला ती ओळखू येत नाही. ४०० हा आकडा मेनूत आपण भरायचा, म्हणजे सेन्सरची स्थिरता त्या हिशेबानं चालते. छिद्र लेन्सच्या कड्यावर फिरवायचं आणि फोकस हातानं करायचा.

कॅमेरा, लेन्स, अडॅप्टर मिळून साडेतीन किलोच्या वर जातात. तिपाई वेगळी. एवढं ओझं घेऊन ज्वारीच्या सऱ्यांतून पक्ष्यामागं फिरता येत नाही, आणि माझ्या मते हाच या लेन्सचा मोठा गुण आहे. जागा आधी ठरवावी लागते. ऊन कुठून येणार, वारा कुठला, कुठल्या तुकड्यात दाणा पुढं आहे, थवा रात्री कुठं वस्तीला होता, हे सगळं आदल्या दिवशी विचारून ठेवावं लागतं. मद्रासचे एम. कृष्णन आपल्या हातानं जुळवलेल्या अवजड कॅमेऱ्याला ‘सुपर पाँडरोसा’ म्हणत आणि तो घेऊन जंगलात जात. कृष्णधवल फोटोच काढणाऱ्या या माणसाची हत्तींची चित्रं पाहताना मला नेहमी वाटतं, की त्या वजनानंच त्यांना हत्तीच्या वाटा शिकवल्या असाव्यात.

तिपाई ज्वारीत फार उंच करावी लागते आणि वाऱ्यानं हलते. त्यापेक्षा बांधावरचा धोंडा बरा. त्यावर ज्वारीनंच भरलेली कापडी पिशवी ठेवायची आणि लेन्सचं पोट तिच्यात रुतवायचं. दाणे सरकून बसले की लेन्स दगडासारखी स्थिर होते. डावा हात खालून फोकसच्या कड्यावर. या लेन्समध्ये फोकस करताना सगळी नळी पुढं-मागं होत नाही, आतला काचांचा गट तेवढा सरकतो. म्हणून कडं दोन बोटांनी फिरतं आणि तोल जात नाही. अर्धशतकापूर्वी ज्यांनी हे योजलं त्यांना पक्ष्यांपुढं बसलेल्या माणसाचा हात ठाऊक होता.

वीस मीटरवर कणसाला लटकलेली भोरडी घेतली, छिद्र पूर्ण उघडं ठेवलं, तर स्वच्छ दिसणारी जागा साधारण अर्धा मीटर खोल. उडत्या थव्याचं गणित निराळं. साठ मीटरवरून थवा आडवा चालला तर चौकटीची रुंदी भरते सव्वापाच-साडेपाच मीटर, आणि ५.६ छिद्राला खोली साडेसात मीटर. म्हणजे शेकडो पक्ष्यांतला एक पडदा आपल्या वाट्याला येतो. कॅमेरा स्पष्ट कडांवर लाल रेघ दाखवतो, पण ती रेघ पाहून कडं फिरवेपर्यंत थवा वळलेला असतो. म्हणून पक्ष्यावर फोकस करायचा नाही. पक्षी जिथून जाणार त्या जागेवर करून ठेवायचा. शटर दोन हजारांश सेकंद, आणि तेही यांत्रिक. साध्या सेन्सरवर आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर फडफडते पंख वाकडे येतात.

जागा कुठली, हे मला राखणीला बसणाऱ्या अण्णांनी शिकवलं. पहाटेपासून ते माच्यावर. हातात गोफण, तोंडानं कानडी आणि मराठी दोन्हींतली हाकाटी. एकदा गोफणीत खडा घालता घालता म्हणाले, “आता उठवतो बगा. लिंबाकडं न्हाईत जायच्या, विहिरीवरल्या बाभळीकडं वळत्यात.” मी विहिरीच्या थारोळ्यावर फोकस लावून ठेवला. गोफण सुटली, ज्वारीतून सगळा थवा एका आवाजासरशी वर आला, कलला, आणि बाभळीच्या दिशेनं थारोळ्यावरून गेला. वारा, ऊन, आदल्या दिवशीचा खडा कुठं पडला होता, एवढ्यावरून त्यांनी हे सांगितलं होतं. कुठल्याही कॅमेऱ्यातली पक्षी ओळखणारी यंत्रणा पक्षी दिसल्यावर कामाला लागते. अण्णा त्याच्या आधी लागतात.

सकाळचे नऊ-साडेनऊ झाले की मी लेन्स झाकतो. काळी माती तापते, जमिनीलगतची हवा लहरू लागते आणि लांबच्या लेन्समधून कणसं पाण्याखाली असल्यासारखी दिसतात. तिथं महागडी काचही काही करू शकत नाही. उन्हाचा आणखी एक परिणाम या लेन्सच्या घडणीतच धरलेला आहे. रंग फुटू नयेत म्हणून वापरलेली ईडी काच उष्णतेनं प्रसरण पावते, फोकस थोडा सरकतो. म्हणून कडं अनंताच्या खुणेवर अडत नाही, पुढंही फिरतं. सोलापूरच्या उन्हात खुणेवर भरवसा न ठेवता डोळ्यांनी पाहून फोकस लावावा लागतो.

भोरड्यांचे चांगले फोटो बहुतेक एकाच तऱ्हेचे दिसतात: गुलाबी पक्षी, मागं लोण्यासारखी विरघळलेली हिरवळ. मोठ्या छिद्राची लेन्स असली की ते आपोआप येतं आणि मनाला भुरळ घालतं. मीही तसे पुष्कळ काढले. त्यातलाच एक अण्णांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. त्यांनी तो बोटानं मोठा करायला लावला, आणि पक्ष्याकडं पाहिलंच नाही. कणसाचा एक कोपरा तेवढा स्पष्ट होता, त्यावर त्यांचं बोट थांबलं. “दाना अजून चिकात हाय. वरली बाजू समदी खाल्ली की. बाकीचं कणीस कुटंय?”

बाकीचं कणीस धूसर होतं. अण्णांच्या वर्षाच्या भाकरीचा प्रश्न त्या धूसर भागात होता. याच भोरड्या हरभऱ्यावरच्या अळ्याही फस्त करतात, हे ते स्वतःच सांगतात, आणि तरी दिवस उगवण्याआधी माच्यावर चढतात, कारण दुधातलं कणीस दिवसभरात मोकळं होऊ शकतं. ज्या पिकासाठी हा पक्षी खंड ओलांडून येतो आणि ज्या पिकासाठी माणूस थंडीत कुडकुडत बसतो, ते पीक फोटोत रंगाचा डाग होऊन राहावं, हे मला पटेना.

तेव्हापासून ज्वारीत मी छिद्र आठवर ठेवतो. वीस मीटरवर सव्वा मीटरभर खोली मिळते. भोरडी, तिचं कणीस आणि शेजारची दोन-तीन कणसं दाण्यासकट वाचता येतात. प्रकाश मात्र पाचपट कमी होतो. ही लेन्स बनली तेव्हा रंगीत फिल्म संथ होती, छिद्र उघडं ठेवण्यावाचून गत्यंतर नसे; ३.५ हा आकडा त्या गरजेतून आला. आजचा सेन्सर आयएसओ दोन हजारालाही स्वच्छ चित्र देतो. नव्या कॅमेऱ्याचा या जुन्या काचेला झालेला खरा उपयोग मी हा मानतो.

येत्या हंगामात माचा, गोफण आणि थवा एका चौकटीत आणायचा आहे. त्यासाठी दीडशे मीटर मागं, ओढ्यापलीकडं बसावं लागेल. तिथून चौकट साडेतेरा मीटर रुंद मिळते आणि आठ छिद्राला तिन्ही गोष्टी स्पष्ट राहतात. ओढ्याकाठचा उंचवटा अण्णांनी दाखवून ठेवला आहे. तिथल्या रानात यंदा ज्वारीच पेरणार का, हे हस्ताच्या पावसावर ठरेल.