सोसायचं काय, सांगायचं काय

माझ्या दोन्ही मुली सुखरूप जन्मल्या, माझी धाकटी जाऊ आज हिंडतेफिरते आहे आणि चाळिशीनंतर शरीरात जे जे बदलत गेलं त्याला मी घाबरले नाही. या तिन्ही गोष्टींचा माग काढत गेलं की मी एकाच बाईपाशी येऊन पोचते. त्या डॉक्टर नव्हत्या. सरकारी कागदावर त्यांचं पद होतं सहायक परिचारिका प्रसविका. आम्ही त्यांना नर्सबाई म्हणायचो.

उस्मानाबाद जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या धाराशिवमधलं, माझं सासर. गावाच्या कडेला उपकेंद्राच्या दोन खोल्या. पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, असा सरकारी हिशेब. पण ती वस्ती एका जागी थोडीच असते? नर्सबाईंकडे आमच्या गावाबरोबर शेजारची गावं आणि शेतातल्या वस्त्याही होत्या. लसीकरण, हिवतापासाठी रक्ताचे नमुने, कुटुंब नियोजनाच्या केसेस आणि या सगळ्याची रजिस्टरं. एवढं उरकून त्या बाळंतपणं करायच्या, आणि बाळंतिणीशी बोलताना त्यांच्या आवाजात घाई नसायची.

१९९८ साली मला दिवस गेले. मी नुकतीच जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले होते. शिकलेली होते, पण स्वतःच्या शरीराबद्दल मला जवळजवळ काहीच माहीत नव्हतं. पहिल्याच भेटीत नर्सबाईंनी शेवटच्या पाळीचा पहिला दिवस विचारला, त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले आणि कार्डावर तारीख लिहिली. म्हणाल्या, "ही तारीख आपल्यासाठी. बाळ दोन आठवडे अलीकडे-पलीकडे येऊ शकतं, तेव्हा घरातल्यांना घायकुतीला येऊ देऊ नकोस." वजन केलं, बीपी घेतलं, बोटाला सुई टोचून रक्त पाहिलं. हिमोग्लोबिन अकराच्या खाली होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या. चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्यायच्या, शौचाला काळं झालं तर भ्यायचं नाही, हे सांगितलं.

गोळ्यांनी लेकरू काळं होतं, असं सासूबाईंचं मत होतं. पोटुशीनं फार खाऊ नये, मूल मोठं होऊन बाई अडते, असंही त्यांनी ऐकलेलं. नर्सबाईंनी त्यांना गप्प केलं नाही. शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "आत्याबाई, बाळंत होताना सगळ्याच बायांचं रक्त जातं. जिच्या अंगात आधीच कमी, तिला तेवढंही झेपत नाही. गोळी बाळाच्या रंगासाठी नाही, तुमच्या सुनेच्या जिवासाठी आहे." मग भाकरी, डाळ, शेंगदाणे, गूळ, मेथी, चाकवत आणि चालत असेल तर अंडं, असं जे घरात होतं तेच वाढवायला सांगितलं. त्या दिवसापासून सासूबाई स्वतः माझ्या ताटात एक भाकरी जास्त टाकू लागल्या.

आमच्या भागात दुखणं अंगावर काढणं हाच बाईचा गुण समजत. नर्सबाईंनी मला दोन याद्या पाठ करून घ्यायला लावल्या. सकाळची मळमळ, छातीतली जळजळ, पायात गोळे येणं, शेवटच्या महिन्यांत पोट मधूनच कडक होऊन सैल पडणं, हे सोसायचं. ते आपोआप जातं. आणि अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, ताप, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, चेहऱ्यावर सूज, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं एकही झालं तर सांगायचं. सकाळची वाट पाहायची नाही, रात्री दार वाजवायचं. ही दुसरी यादी त्यांनी माझ्या नवऱ्याकडूनही म्हणून घेतली. "बाईचं डोकं फुटायला आलेलं असतं तेव्हा जीप आणायला ती स्वतः जाणार नसते," त्या त्याला म्हणाल्या.

गावात एक म्हाताऱ्या सुईण आजी होत्या. माझ्या नवऱ्यासह अर्धं गाव त्यांच्याच हातांवर जन्मलेलं. नर्सबाईंनी त्यांना कधी परकं केलं नाही. हात साबणानं कोपरापर्यंत धुणं, बाळंतिणीखाली स्वच्छ कापड, नवं पातं, स्वच्छ दोरा आणि नाळेवर राख-शेण-तेल काहीही न लावणं, ही पंचस्वच्छता आजींच्या अंगवळणी पाडली. आणि आजींकडून स्वतःही घेतलं. कळा देताना बाईला उताणी न पाडता उकिडवं किंवा टेकून बसू द्यावं, हे आजींचं म्हणणं त्यांनी मानलं. आजी नुसत्या हातानं डोकं वर की खाली ते सांगायच्या. नर्सबाई मग नळकांडं पोटाला लावून बाळाचे ठोके मोजायच्या. दोघींचं जुळलं की माझा जीव भांड्यात पडायचा.

कळा सुरू झाल्या त्या रात्री उपकेंद्रात नेल्यावर त्यांनी आधी मला चालायला लावलं. "चालल्यावर थांबल्या तर खोट्या, चालूनही वाढत गेल्या तर खऱ्या." त्या वाढत गेल्या. पहिलटकरणीला अर्धा दिवस, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. पिशवीचं तोंड दहा सेंटिमीटर उघडावं लागतं आणि ते आपल्या गतीनं उघडतं, हे त्यांनी मला, सासूबाईंना आणि अंगणात बसलेल्या सगळ्यांना सांगितलं. मधूनमधून पाणी, पेज, चहा देत राहिल्या. लघवी तुंबू दिली नाही. तपासण्याआधी प्रत्येक वेळी विचारलं, "तपासू का गं?" त्याआधी माझ्या शरीराला हात लावताना मला असं कुणीच विचारलं नव्हतं.

उत्तररात्री नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. जवळच्या बाजारगावातून एकजण मोटारसायकलवर येऊन कळा वाढवायचं इंजेक्शन देतो, त्याला बोलवा. कुणी म्हणालं, वरून पोट दाबा. नर्सबाई उठून बाहेर गेल्या. आत मला त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. तोंड उघडायच्या आत असं इंजेक्शन टोचलं किंवा पोटावर जोर दिला तर पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं. बाळाचे ठोके चांगले आहेत, कळा चांगल्या आहेत, बाई धीराची आहे, थांबायचं. ठोके बिघडले तर मी स्वतः जीप मागवीन. मग आत येऊन माझ्या कमरेवर तळहात दाबून धरत म्हणाल्या, "आता जोर करू नकोस, अंगाला वाटेल तेव्हाच कर." खूप वेळानं अंगालाच वाटलं.

मुलगी झाली. नाळेची धडधड थांबेपर्यंत त्यांनी ती कापली नाही. आजींचीही तीच रीत होती. त्या मिनिट-दोन मिनिटांत वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि त्याला पुढच्या महिन्यांसाठी लोह मिळतं. आता जागतिक आरोग्य संघटनाही नाळ कापायला किमान एक मिनिट थांबायला सांगते. वार त्यांनी ओढून काढली नाही. पडल्यावर उजेडात धरून पुरी आहे का ते पाहिलं, माझं ओटीपोट चोळून पिशवी घट्ट झाल्याची खात्री केली. बाळंतपणात बायका सर्वांत जास्त दगावतात त्या याच वेळच्या रक्तस्रावानं, हे मला पुढे कळलं. त्या रात्री मला एवढंच दिसलं, की बाळ झाल्यावर सगळे पेढ्यांचं बोलत होते आणि त्या एकट्या अजून माझ्याकडे पाहत होत्या.

चीक पिळून टाकायचा आणि बाळाला मध चाटवायचा, ही घरची पद्धत. "आत्याबाई, वासराला तुम्ही पहिला चीक पाजता, मग नातीनं काय केलंय?" नर्सबाईंनी विचारलं. सासूबाई हसल्या, आणि तासाभराच्या आत लेक माझ्या छातीला होती. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, तेलाचं मालीश, बाळंतशोपा यातलं त्यांनी काही मोडलं नाही. शेगडी ठेवायची तर दार उघडं ठेवा, बाळंतिणीचं पाणी तोडू नका, घुटी नको, इतकंच सांगितलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला कारण नसताना रडू यायला लागलं. त्या म्हणाल्या, "हे होतं, ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, झोप लागेना, तर मला सांगायचं." मनाचं दुखणंही सांगायच्या यादीत असतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

माझ्या जावेला आठव्या महिन्यात डोकं दुखायला लागलं तेव्हा घरात कुणी म्हणालं, दृष्ट लागली. नवऱ्याला यादी आठवली. रात्रीच दार वाजवलं. नर्सबाईंनी बीपी घेतलं, १६०/११०. काचेच्या नळीत लघवी घेऊन दिव्यावर तापवली. ती दह्यासारखी पांढरी होऊ लागली, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. जावेला डाव्या कुशीवर निजवून त्या स्वतः जीपमध्ये बसल्या. उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात झटके टाळायचं इंजेक्शन मिळालं, सिझेरियन झालं. मूल लहानखुरं होतं, पण दोघंही घरी आली.

पुढे वाचनात आलं, की १९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी मातामृत्यूमागचे तीन उशीर मांडले. निर्णय घ्यायला उशीर, पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. रस्ता आणि दवाखाना आमच्या नर्सबाईंच्या हातात नव्हता. पहिला उशीर मात्र त्यांनी आमच्या घरापुरता पुसून टाकला होता.

बाळंतपण झालं की बाईच्या तब्येतीचं कुणी विचारत नाही. त्या विचारत राहिल्या. दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर हवं का, तांबी बसवायची का, हे आधी मला विचारलं, मग घरी बोलल्या. सव्वा महिन्याच्या आत पाण्याच्या घागरी उचलणाऱ्या बायांचं अंग बाहेर येतं हे सांगून, लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो ते रोज आवळायचा व्यायाम शिकवला. पांढरं जाणं वासाचं असेल, खाज असेल तर ते बाईपण नव्हे, आजार आहे, हे पारावरून परतणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

किती बायका हे दुखणं मुकाट वागवतात, ते डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत मोजून दाखवलं होतं. तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. शंभरात ब्याण्णव जणींना स्त्रीरोग होतं, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. हा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. आमच्या जिल्ह्यातही १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी ३० ते ५९ वयाच्या एक लाखाहून जास्त बायकांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष आले. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच केलेली तपासणीही या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते. त्यात एका गटाला तपासणी न देता नुसती माहिती दिली, यावर पुढे वाद झाला आणि तो रास्तच होता. नर्सबाईंनी यातून आम्हाला दिलेली शिकवण साधी होती: तिशीनंतर काही दुखत नसतानाही तपासून घ्यायचं, आणि पाळी गेल्यावर वर्षभरानं एक थेंब जरी दिसला तरी सांगायचं. माझ्या एका चुलत सासूबाई त्या एका थेंबामुळे वेळेत दवाखान्यात पोचल्या.

त्यांची बदली झाली तेव्हा बायांनी साडी-खण पुढे केला. त्यांनी ओटी भरून घेतली, बाकीचं परत दिलं. आता महाराष्ट्रात शंभरात नव्वदाहून जास्त बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८ ते २०२० या काळात लाख जन्मांमागे आपल्याकडे ३३ माता दगावल्या, देशात ९७. हे मोठं यश आहे, आणि त्यात अशा कितीतरी नर्सबाईंच्या जागरणांचा वाटा आहे. पण कळा देणाऱ्या बाईशेजारी रात्रभर बसणारं, हात लावण्याआधी विचारणारं माणूस दवाखान्यांतही क्वचित भेटतं. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये परिचारिकांना अठरा महिन्यांचं खास प्रसविका प्रशिक्षण देण्याचं धोरण आणलं. ते जिल्ह्याजिल्ह्यात पोचावं, त्या बायांना बाळंतपणासाठी मोकळा वेळ मिळावा, त्यांच्या डोक्यावरची रजिस्टरं कमी व्हावीत, हे मी ग्रामसभेत दर वर्षी मांडते.

आणि शाळेत आठवी ते दहावीच्या मुलींना मी त्याच दोन याद्या त्यांच्या वयाला लावून शिकवते. गेल्या वर्षी एक मुलगी तास संपल्यावर मागे थांबली. पाळी पंधरा-पंधरा दिवस चालते, जिने चढताना धाप लागते, आई म्हणते सगळ्यांचंच होतं. तपासलं तर हिमोग्लोबिन सातावर आलेलं. तिच्यावर उपचार झाले, ती आता कबड्डी खेळते. तिनं सांगितलं, कारण सांगायचं असतं हे तिला कुणीतरी शिकवलं होतं. आणि मला ते शिकवलं आमच्या नर्सबाईंनी.